अपवाद चौथा

सांडभोर सर शिंकले तरी आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो.

यात आमचा दोष नाही, हे आधीच सांगतो, कारण माझ्या नापास होण्याचं खापर अख्खा मावळ माझ्या एकट्याच्या डोक्यावर फोडून मोकळा झाला आहे. लोणावळ्याजवळचं आमचं चार खोल्यांचं कॉलेज. अर्थशास्त्र घेणारे आम्ही सहा जण आणि शिकवणारे हे एकटे. सर पहिल्या दिवशी वर्गात आले आणि म्हणाले, "लिहून घ्या." पुढे वर्षभर 'आता थांबा' असं एकदाही म्हणाले नाहीत. मग आम्ही थांबायचं कुठं?

सर शिकवायचे कमी, संतापायचे जास्त. आणि दोन्ही एकाच सुरात, विरामचिन्हांसकट. "मागणीचा नियम. इतर परिस्थिती स्थिर असताना, स्वल्पविराम, किंमत वाढली की मागणी घटते, पूर्णविराम. कुठली स्थिर? बघितलीय का कुणी? शनिवारी भाजलेल्या कणसाचा भाव तिप्पट होतो आणि गिऱ्हाइकं एकमेकांच्या उरावर बसतात! कुठल्या गाढवानं काढला हा नियम, प्रश्नचिन्ह!"

आम्ही गाढवासकट लिहून घेतलं.

पावसाळ्यात तर विचारू नका. मोबाइलवरच्या नकाशानं कुणा शहाण्याला आमचं मैदान पार्किंग म्हणून दाखवलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी तिथं इतक्या मोटारी यायच्या की मुंबईत एकही शिल्लक राहत नसावी. टपावर चढून नाचणारे वेगळेच. सर खिडकीतून गरजायचे, "लिहून घ्या! एकानं वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, ती सार्वजनिक वस्तू. म्हणजे शनिवारी आपला रस्ता सार्वजनिक नाही!" फारच चिडले की त्यांची शुद्ध भाषा गळून पडायची. "आरं, त्या पांढऱ्या गाडीवाल्याला हाकला की! आन् ती शेळी बी! खडू खातीया!"

तेही लिहून घेतलं.

त्या वर्षी प्राचार्यांनी बजावलं होतं: सहाच्या सहा पास झाले तर अर्थशास्त्र राहील, नाहीतर पुढच्या वर्षीपासून बंद. सर तीन दिवस धुमसत होते. आम्ही वह्या पाठ केल्या. मी तर शिंकेसकट.

पाच पास झाले. मी पडलो. बाकीच्यांनी पेपरात शेळी गाळली होती, हे नंतर कळलं. गद्दार!

निकालाच्या दिवशी सरांचा जो भडका उडाला, तो उर्से टोलनाक्यावरून दिसला असणार. "तोंडपाठ होतं या पोराला! परीक्षक झोपला होता!" माझी सही घेऊन त्यांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती हातात पडताच मला समोर उभं केलं आणि परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मोठ्यानं वाचायला घेतली.

"घटत्या उपयोगितेचा सिद्धांत. एकच वस्तू लागोपाठ मिळत गेली की पुढच्या प्रत्येक नगाचं समाधान कमी होत जातं. बरोबर! अपवाद पहिला, कंजुषाचं धन. बरोबर! दुसरा, दारुड्याचा पेला. बरोबर! मग लाल रेघ कशाला मारलीय मेल्यानं? तिसरा, शेळी हाकला, खडू..."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढचं वाचताना आवाज खाली आला.

"चौथा. वर्गातलं सहावं पोर. ते आलं तरी पहिल्याइतकंच बरं वाटतं. संध्याकाळी आपण खोलीवर परतलं की नुसत्या भिंती."

सहावा मी. तिकोणा पेठेची एसटी रोज उशिरा, म्हणून मी रोज शेवटचा.

"हे मी बोललो होतो? मोठ्यानं?"

"व्हय सर. त्या लय पावसाच्या शनिवारी. तुमी अपवाद सांगत हुता, आन् मी भिजून आत आलतो. मला वाटलं, ह्यो चवथा."

सरांनी कागदाची घडी केली आणि तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. बाहेर आम्हाला एवढंच ऐकू आलं: "पोरगा नाही, मी नापास झालोय! फेरपरीक्षेपर्यंत थांबा!" प्राचार्य थांबले. त्या आवाजापुढे एक्सप्रेसवेसुद्धा थांबला असता. फेरपरीक्षेत मी पास झालो आणि विषय तगला.

पण त्याआधी सरांनी मला एकट्याला बसवून तोच धडा पुन्हा सांगितला. "अपवाद दोन. दोनच! पुढं एक अक्षर लिहिलंस तर तंगडं मोडीन."

मी पेन उघडलं. "मग वहीतला चवथा खोडू का, सर?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात एकही गाडी नव्हती. शेळीसुद्धा नव्हती. संतापायला काही सापडेना.

"पेपरात लिहू नको म्हणतोय," शेवटी ते माझ्यावरच खेकसले. "वहीत राहू दे की रं."