दाराजवळचं खोकं

चहाच्या पिशवीचे चार भाग होतात: दोरा, कागदाचा तुकडा, तारेची पिन आणि भिजलेली पत्ती. सासरेबुवा रोज सकाळी ओट्याशी उभे राहून, चष्मा नाकावर ओढून, भावकीतल्या वाटण्या कराव्यात तसे ते वेगळे करत. पत्ती ओल्यात, कागद सुक्यात, पिन धातूत. दोरा कशात टाकावा हे मात्र ठरेना, म्हणून तीन महिन्यांचे दोरे एका बरणीत निकालाची वाट पाहत पडले होते.

बत्तीस वर्षं त्यांनी कारखान्याचं भांडार सांभाळलं होतं. तिथे नट एका खणात, बोल्ट दुसऱ्यात. निवृत्तीनंतर हाताला काम उरलं नाही आणि तोंडाला श्रोता. अशात इमारतीत फलक लागला, की कचरा वेगळा केला नाही तर गाडी तो उचलणार नाही. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. सासरेबुवांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. महिन्याभरात ते शेजाऱ्यांच्या बादल्याही तपासू लागले आणि इमारतीने त्यांचं नाव ‘चाळणी’ ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्यांना वाटलं, कौतुकच चाललंय.

घरात त्यांचा एकच कायदा होता. दाराजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे कचरा. बाकी कशाला हात लावणार नाही, पण दाराजवळचं माझं.

सून इमारतींचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होती. तीन आठवडे खपून तिने एका वाचनालयाची छोटी प्रतिकृती बनवली होती. ती आज अकरा वाजता दाखवायची होती. पसंत पडली तर ते काम तिच्या एकटीच्या हाती येणार होतं, पहिल्यांदाच. निघताना विसरायला नको म्हणून तिने ती पंख्याच्या जुन्या खोक्यात ठेवली, आणि खोकं कुठे ठेवावं? दाराजवळ. मग ती आंघोळीला गेली.

सासरेबुवांनी खोकं उघडलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. पुठ्ठा, प्लॅस्टिक, स्पंज, तार, सगळं एकमेकांना चिकटवलेलं!

“बघ, बघ!” ते बायकोला म्हणाले. “एवढी शिकलेली पोरगी, आणि कचरा कसा टाकते!”

“अहो, तिला विचारा तरी आधी.”

“त्यात विचारायचं काय? दाराजवळ आहे ना?”

सासूबाईंनी वर्तमानपत्रात डोकं घातलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं की ते आपल्याच पायांवर सांडतं, हे त्या बेचाळीस वर्षांत शिकल्या होत्या.

सासरेबुवांनी पक्कड आणली. भिंती उकलल्या, खिडक्यांचं प्लॅस्टिक पुसून घेतलं, तारेचे कठडे सरळ केले, स्पंजची एकोणीस झाडं एकेक करून उपटली. चार पिशव्या भरून प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. खाली गाडी वाजली तेव्हा शेवटची गाठ मारून झाली होती.

“आजोबा, तुमच्या पिशव्या म्हणजे आहेरच हो!” गाडीवाली बाई म्हणाली. सासरेबुवा जिना चढताना शीळ घालत होते.

सून बाहेर आली. “आई, माझं खोकं कुठाय?”

वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

“बाबा?”

“खोकं सुक्यात दिलं. पण तू काळजी करू नकोस, मी सगळं नीट वेगळं केलंय.”

“काय वेगळं केलंत?”

“हेच की. भिंती, खिडक्या, झाडं...” बोलता बोलता सासरेबुवांचा आवाज बसत गेला. कचऱ्याला खिडक्या नसतात, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओल्या केसांनी तशीच जमिनीवर बसली. “अकराला दाखवायचं होतं, बाबा.”

“ऊठ,” सासरेबुवा म्हणाले. “स्कूटर काढ. नंतर हवं तेवढं बोल मला, कमीच पडेल.”

कचरा निवडण्याच्या शेडमध्ये माणसापेक्षा उंच ढीग होते. सासरेबुवांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिल्या ढिगात पाय घातला. तेवढ्यात तिथल्या मुकादम बाई धावत आल्या.

“ओ आजोबा! काय शोधताय?”

“आजच्या पिशव्या. चिठ्ठ्या लावलेल्या, तीनशे चार नंबरच्या...”

“तीनशे चार? म्हणजे ते तुम्हीच?” बाईंनी हात जोडले. “अहो, तुमचा सुका माल ढिगात जातच नाही. तो तिकडं असतो.”

भिंतीशी एक लांब फळी होती. तिच्यावर सासरेबुवांच्या तीन महिन्यांच्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या.

“नवीन बाया कामाला लागल्या की त्यांना दाखवतो,” मुकादम बाई म्हणाल्या. “असा कचरा मोडायला जीव होत नाही बघा.”

म्हणजे एवढ्या खटाटोपातून एक कागदही पुन्हा कागद झाला नव्हता. सासरेबुवा फळीकडे बघत राहिले. “मला वाटत होतं, मी जग वाचवतोय,” ते सुनेला म्हणाले. “मी तर नुसतं पसाऱ्याचं घर बदलत होतो.” सकाळपासून पहिल्यांदाच सून हसली. गाडीतून नुकत्याच उतरवलेल्या आजच्या चारही पिशव्या फळीच्या टोकाला होत्या.

कचेरीत सव्वानऊपासून दोघं डिंक घेऊन बसले. कुठला तुकडा कुठून काढला, हे जुन्या भांडारवाल्याला तोंडपाठ होतं. अकराला पाच कमी असताना एक झाड हातात उरलं. सासरेबुवांनी ते गुपचूप गच्चीवर चिकटवलं.

संध्याकाळी सून आली. “काम मिळालं. आणि साहेबांना सगळ्यात जास्त काय आवडलं, सांगू? गच्चीवरचं झाड.”

“ते—”

“माझंच आहे ते, बाबा. तसं सांगून आलेय मी.”

दुसऱ्या दिवशी घरभर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या: ‘हा कचरा नाही’. सुनेच्या बॅगेवर, हेल्मेटवर, सासूबाईंच्या विणकामावर. सासरेबुवांनी मान खाली घालून सगळ्या वाचल्या. मग सदरा चढवून ते नेहमीसारखे बादल्या तपासायला खाली उतरले.

आज जो तो त्यांच्याकडे बघून हसत होता. झालेली गोष्ट इमारतभर पसरली असणार, हे त्यांनी ओळखलं, आणि तेही हसत राहिले. शेवटी गाडीवाल्या बाईने त्यांच्या पाठीवरून एक चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली.

वाक्य सुनेच्या अक्षरातलं, घरभर लागलेलं तेच. फक्त मधे, वरच्या बाजूला, बायकोने एक शब्द घुसवला होता.

‘हा अजून कचरा नाही.’