चौथीचा गळा, दोघींची तोंडं

साहेब, तुम्ही चोर आहात. जीपचं डिझेल चोरलंत, ते सोडा. त्याचं इथे कुणाला नवल नाही. तुम्ही एका बाईचा गळा चोरलात, भर बाजारात, दिवसाढवळ्या, आणि वरून तो दुसरीच्या नावावर लिहून दिलात. तुमचं नाव मी लिहीत नाही. वाचताना ज्याच्या कानामागे घाम येईल त्याने ओळखावं.

पोंभुर्ण्याच्या अलीकडे एका खेड्यात सोमाजी निमगडे यांच्या चार मुली. अंजना, इंदू, बायना आणि सगळ्यांत धाकटी सत्यशीला. भातरोवणीच्या बांधीत, विहारात, लग्नाच्या मांडवात चौघी गायच्या. खरं सांगायचं तर गायची सत्यशीला. अंजना आणि इंदू मागून ओळ धरायच्या, बायना ढोलकी वाजवायची. सत्यशीला सात वर्षांची असल्यापासून हे चाललं होतं. ‘निमगडे भगिनी’ हे नाव लोकांनीच पाडलं आणि ते थेट मूल गावापर्यंत पोचलं. आता तिला नागपूरच्या रेडिओवर गायचं होतं. अर्जाला सरकारी कार्यक्रमात गायल्याचं पत्र जोडलंस तर वजन पडेल, असं शाळेच्या गुरुजींनी सांगितलं होतं.

तेवढ्यात, यंदा चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात, तुमची जीप आली. तुम्हाला छोट्या कुटुंबाचा प्रचार करायचा होता.

“बाजारात गाणी म्हणा,” तुम्ही म्हणालात. “पत्र देतो. सही, शिक्का, सगळं.”

सत्यशीलेने आठ दिवसांत तुमच्या त्या वाळक्या मजकुराला चाल लावली. ‘संततिनियमन’ हा शब्द सुरात बसवून दाखवणारी बाई साधी नसते, साहेब.

बाजाराच्या दिवशी तुम्ही मंचावर भिंतीएवढा फळा उभा केलात. त्यावर रंगवलेले आई, बाप आणि दोन लेकरं. चौघंही हसत होती, जशी काही लॉटरी लागलीय. चंद्रपूरहून मोठे साहेब यायचे होते. दहा मिनिटं उरली आणि तुमच्या पत्रूबाबूने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोजलं.

“सायेब, ह्या सख्ख्या बहिणी हायेत ना?”

“हो. मग?”

“चार हायेत.”

तुम्ही फळ्याकडे पाहिलंत, मुलींकडे पाहिलंत आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

“चुलत बहिणी आहोत असं सांगाल का?”

“आमच्या बाबाले इचारा,” अंजना म्हणाली. “मायले नोका इचारू. थे मारन.”

“मग दोघीच वर उभ्या राहा. पहिल्या दोघी.”

“सायेब, गाते थे चौथी हाये!” अंजना म्हणाली.

“चौथी फळ्यामागून गाईल.”

“अन् मी?” बायनाने विचारलं.

“तिसरीसुद्धा मागे. कुटुंब दोनवर थांबलं पाहिजे!”

सत्यशीला ढोलकीमागोमाग निघाली. जाताना एवढंच म्हणाली, “मले पत्र भेटन ना पण?”

“भेटेल, भेटेल. आवाज तुझाच ना?”

हे तुमचे शब्द आहेत. चारजणांनी ऐकलेत.

चालू माइक फळ्यामागे गेला. पुढे वायर नसलेला माइक उभा केला. अंजनाला फक्त तोंड हलवायचं होतं. पण तिच्या तोंडात सुपारी होती. ऐन वरच्या सुरात तिने थुंकी गिळायला तोंड मिटलं आणि सूर आणखी वर गेला.

“अवो माय!” पुढे बसलेली सुगंधाबाई ओरडली. “हे तं तोंड मिटून गाऊन राह्यली!”

“सरकारी शिक्षण हाये बाई,” शेजारचा लटारू म्हणाला. “त्यायचे सायेब डोये मिटून सही नाई करत का?”

इंदूला हसू आवरेना, तिने पदर तोंडात कोंबला. गाणं चालूच. ढोलकी कुठेच दिसत नव्हती आणि दणदणत होती. सगळ्या बाजाराला कळलं. कळलं नाही ते एकट्या मोठ्या साहेबांना. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या.

“वा! बघा, दोनच मुली असल्या की गुण कसे फुलतात! पुढच्या बाजारात ह्याच दोघी पाहिजेत. पत्र द्या यांना, आत्ता!”

आणि तुम्ही दिलंत. श्रीमती अंजना व श्रीमती इंदू यांनी सुस्वर गायन केले. सही, शिक्का, सगळं.

फळ्यामागून घामाने भिजलेली सत्यशीला आली. “माहं पत्र?”

“तुझं नाव लिहिलं तर मोठे साहेब विचारतील, ही कोण?”

“सांगा ना, गाणारी.”

“आणि कितवी? कागदावर चौथी बसत नाही, बाई.”

घरी आल्यावर अंजनाने आपलं पत्र तिच्यापुढे ठेवलं. “घे, हेच जोड.”

“ह्याच्यावर तुहं नाव हाये, बाई. रेडिओवाले तुले बलावतीन. थेथी कोनाले दाखवाले तोंड हालवशीन?”

पुढच्या बाजाराला पुन्हा जीप आली. सोबत लेखी हुकूम, त्यात दोनच नावं. सत्यशीलेने तो दोनदा वाचला.

“कागदात मी नाई. मी कायले येऊ?”

बायनाने ढोलकी खुंटीला टांगली. अंजना आणि इंदू दोघीच गेल्या. मंचावर उभ्या राहिल्या आणि तुम्ही हात करताच दोघींनी शिस्तीत तोंडं उघडली. मिटली. पुन्हा उघडली. पाच मिनिटं पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. माइकवाल्याने माइक बडवला, वायर बदलली, शेवटी कपाळ बडवलं. तुम्ही धावत फळ्यामागे गेलात. तिथे एक शेळी होती. तिने तुमच्याकडे पाहिलं, पण गायली नाही.

तरी तुमची लाज जागी होईना. चौथ्या दिवशी अंजना आणि इंदूच्या नावे नोटीस आली: ऐन कार्यक्रमात आवाज का आला नाही, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

खुलासा सत्यशीलेने लिहिला. वहीच्या फाडलेल्या पानावर, पण अक्षर तुमच्या बाबूपेक्षा सरळ. तुम्ही तो दाबून ठेवलात म्हणून इथे छापतो:

“दोघी बहिणी हुकमाप्रमाणे हजर होत्या. तोंडं मागच्या वेळेइतकीच उघडली होती. त्यात कसूर झालेली नाही. तरी मागच्या बाजारात जो आवाज आला तो कोणाचा होता, हे कचेरीने नाव घालून, सही-शिक्क्यानिशी कळवावं. माझ्या रेडिओच्या अर्जाची मुदत पंधरा तारखेला संपते. त्याआधी उत्तर द्या.”

आज अकरा तारीख आहे, साहेब. तो आवाज कोणाचा होता?