गेनोवेफाआजींचं न्याय्य वाटप

दुसरीच्या वर्गाला धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर बोनिफात्सिया यांनी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, सुरुवातीला पालकांना कळवलं की, नाताळपर्यंत प्रत्येक मुलाने दर आठवड्याला एक सत्कृत्य स्वयंस्फूर्तीने करणं सक्तीचं आहे. ते लाल कागदाच्या बदामावर लिहावं, सत्कृत्य स्वयंस्फूर्तीनेच घडल्याबद्दल खाली पालकांची सही घ्यावी आणि बदाम गुरुवारी वर्गातल्या टोपलीत टाकावा. सिस्टर टोपलीतून एक बदाम उचलतील, आणि ज्याचा निघेल त्याच्या घरी मरियामातेची मूर्ती एका रात्रीसाठी मुक्कामाला जाईल. पालकांनी घरी सहकार्य करावं अशी नम्र विनंती होती आणि विनंतीखाली जाड रेघ मारलेली होती.

किंगाला त्या मूर्तीने वेड लावलं होतं. वीतभर उंची, निळा अंगरखा, नाकाचा जरासा टवका उडालेला. किंगाने खिडकीतल्या कुंड्या सरकवून तिच्यासाठी जागा केली, खाली स्वतःचा मफलर अंथरला आणि तिला थंडी वाजली तर असावं म्हणून बाहुलीचं पांघरूणही काढून ठेवलं. तिचा बाप झेनोन नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात दर्जा तपासण्याचं काम करायचा. मूर्ती आपल्या घरी यावी असं त्यालाही मनापासून वाटत होतं, कारण पहिल्याच गुरुवारी ती तळमजल्यावरच्या राडोम्स्कींच्या घरी जाऊन आली होती.

किंगाने दुसऱ्या आठवड्याचा बदाम बापापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, ‘मी आईवर ओरडले नाही.’

“हे काय सत्कृत्य झालं?” झेनोन म्हणाला. “न केलेली गोष्ट कृत्य कशी होईल? उद्या मीही लिहीन, आज मी कुणाची पाइपलाइन फोडली नाही.”

“पण बाबा, मला खूप ओरडावंसं वाटत होतं!”

“वाटत होतं खरं,” त्याची बायको यागोदा स्वयंपाकघरातून म्हणाली. “तोंड उघडलं होतं पोरीने. मी बघितलंय.”

“ठोस काहीतरी पाहिजे,” झेनोन म्हणाला. “म्हातारं माणूस पाहिजे.”

इथेच पंचाईत होती. त्यांच्या इमारतीतली म्हातारी माणसं एकतर मुलांकडे जर्मनीला गेली होती, नाहीतर दफनभूमीत. उरल्या होत्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गेनोवेफाआजी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या, एका मांजरीसह एकट्या राहणाऱ्या. इमारतीला लिफ्ट नाही, ही नगररचनेतली चूक आता सगळ्यांना दैवी योजना वाटू लागली. झेनोन लेकीला घेऊन खाली फाटकाशी जाऊन उभा राहिला, तर तिथे राडोम्स्की आपल्या ऑलिव्हियरला घेऊन आधीच हजर, आणि मागे वर्गातल्या जुळ्यांना घेऊन त्यांची आई.

आजी बीट आणि बटाट्यांची पिशवी घेऊन आल्या. ऑलिव्हियरने ती वर नेली, राडोम्स्कींनी फोटो काढला. मग पिशवी पुन्हा खाली आणण्यात आली आणि किंगाने वर नेली. मग पुन्हा खाली, आणि जुळ्यांनी एकेक बंद धरून वर. आजी फाटकाशीच उभ्या होत्या, कारण पिशवी कुठे थांबेल याची त्यांना खात्री नव्हती. बटाट्यांनी त्या दिवशी जेवढा प्रवास केला तेवढा आजींनी निवृत्तीनंतर केला नव्हता.

असला गोंधळ बरा दिसत नाही म्हणून सोसायटीची तातडीची सभा बोलावण्यात आली. चेअरमन राडोम्स्कीच होते. विषय एकच होता, गेनोवेफाआजींचं न्याय्य वाटप. आजींना सभेचं निमंत्रण नव्हतं. विषयपत्रिकेवर त्या स्वतःच असल्याने ते नियमात बसत नव्हतं. पुष्कळ वादावादीनंतर ठरलं की अ जिन्याला सोमवार आणि बुधवार, ब जिन्याला मंगळवार आणि शुक्रवार, उरलेले दिवस गरजेनुसार. रविवारी कुणीही सत्कृत्य करायचं नाही, कारण तो देवाचा दिवस.

दुसऱ्याच दिवशी राडोम्स्कींनी आजींना जिन्यात अडवलं.

“आजी, आज तुम्ही कचरा स्वतः टाकलात?”

“मेला वास सुटला होता रे!”

“पण तो ब जिन्याच्या मुलांचा कचरा होता.”

“कचरा माझा, वास माझा, आणि मुलं कुठून आली मधेच?”

“या वेळी सोडून देतो,” राडोम्स्की समजुतीने म्हणाले. “पुन्हा असं एकटीने काही करू नका. लहान मुलांच्या संस्कारांचा प्रश्न आहे.”

त्यानंतर आजींनी काही केलं नाही, म्हणजे त्यांना काही करू दिलं गेलं नाही. त्यांच्या खिडक्या भर थंडीत इतक्या वेळा धुतल्या गेल्या की काचेवर बर्फाचे पापुद्रे धरले. मांजरीला प्रत्येक घराने दूध पाजलं. ती इतकी फुगली की तिला उचलून खिडकीत बसवणं हे वेगळं सत्कृत्य म्हणून मंजूर करावं लागलं. आजी डुलकी काढायला आडव्या झाल्या की दारावरची बेल वाजायची आणि एखादं गोजिरवाणं मूल विचारायचं, “आजी, तुम्हाला काही त्रास होतोय का?”

“आत्ता सुरू झाला, बाळा,” आजी म्हणायच्या.

पुढे मुलांना वेळ मिळेना. कुणाचं पोहणं होतं, कुणाचं इंग्रजी. किंगाची नाताळच्या नाटकाची तालीम सुरू झाली. ती त्यात मेंढी होती. मग पालकांनी घरी सहकार्य केलं. झेनोन ऑफिसच्या कपड्यांतच बर्फात उतरला, अंगणातल्या लोखंडी दांडीवर आजींचा गालिचा टाकला आणि घाम फुटेस्तोवर बडवला. शेजारी राडोम्स्की बाह्या सारून उभे होते. झेनोनचं उरकल्यावर त्यांनी तोच गालिचा पुन्हा बडवला, कारण आजींकडे गालिचा एकच होता. गुरुवारी बदामावर लिहिलं गेलं, ‘किंगाने आजींचा गालिचा झटकला.’ झेनोनने खाली सही ठोकली. दर गुरुवारी तो अशीच सही ठोकत होता आणि त्याचा हात एकदाही अडखळला नाही. मूर्ती मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या घरी जात होती, आणि किंगा रोज मफलर झटकून पुन्हा अंथरत होती.

शेवटच्या आठवड्यातला बुधवार झेनोनचा होता. बादली आणि फडकी घेऊन तो तिसऱ्या मजल्यावर पोचला, तर आजींच्या दाराबाहेर पायरीवर किंगा बसलेली.

“आजी नाहीत,” ती म्हणाली. “बहिणीकडे गेल्यात.”

झेनोन हिरमुसून परतला. त्याच्यामागून आलेली जुळ्यांची आईही परतली. आगमनकाळात असं गावाला जाणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा आहे, असं राडोम्स्कींनी जाता जाता सुनावलं.

संध्याकाळी किंगाने शेवटचा बदाम बापापुढे ठेवला. ‘मी आज कुणालाच आजींकडे जाऊ दिलं नाही. आजी झोपल्या.’

“म्हणजे आजी घरातच होत्या?”

“हो. त्यांचे पाय सुजलेत. त्या रडत होत्या, बाबा. म्हणून मी शाळेतून आल्यावर तिथे जाऊन बसले.”

“अगं, मग तू खोटं बोललीस!”

“हो,” किंगा म्हणाली. “पुढच्या वर्षी आमचं पहिलं पापनिवेदन आहे ना, तेव्हा सांगणार आहे मी फादरना. लक्षात ठेवलंय. सही कर ना.”

झेनोनने पेन उचललं आणि खाली ठेवलं. “नाही. खोट्याखाली मी सही करणार नाही. या घराला काही तत्त्वं आहेत.”

“अगंबाई!” यागोदा म्हणाली. “इतके दिवस कुठे ठेवली होतीस रे?”

झेनोनने नवा लाल कागद घेतला, सुबक बदाम कापला, ‘मी गेनोवेफाआजींची पिशवी वर नेली’ असं बाळबोध अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

“आज कुणी पिशवी नेलेली नाहीये,” यागोदा म्हणाली.

“आज नसेल. तत्त्वतः नेलेली आहे.”

गुरुवारी सिस्टर बोनिफात्सियांनी टोपलीत हात घातला आणि नेमका तोच बदाम निघाला.

मूर्ती किंगाच्या घरी आली. सगळा जिना दर्शनाला लोटला. राडोम्स्कींनी तोंडभरून अभिनंदन केलं आणि खसखशीच्या केकचा सगळ्यात लहान तुकडा उचलला. आजीही हळूहळू जिना उतरून आल्या. चेहरा टवटवीत दिसत होता.

“काल अशी झोपले, अशी झोपले, की काय सांगू!” त्या झेनोनला म्हणाल्या. “पोरीला वळण छान लावलंयस हो.”

“घरी सहकार्य करावं लागतं, आजी,” झेनोन विनयाने म्हणाला.

किंगाने मूर्ती मफलरवर ठेवली, बाहुलीचं पांघरूण तिच्या खांद्यांवर घातलं आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. आनंद झाला होता तिला, पण जितका व्हायचा होता तितका नव्हता.

“बाबा, हिला माहीत असेल?”

“काय?”

“माझा बदाम दुसरा होता ते.”

मूर्ती प्लास्टरची आहे, असं झेनोनच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण समोर आजी बसल्या होत्या. त्याने मूर्तीकडे पाहिलं. टवका उडालेल्या नाकाने ती थेट त्याच्याकडेच बघत होती.

“तिला जरा बाहेरचं बर्फ बघू दे,” तो म्हणाला आणि त्याने मूर्तीचं तोंड खिडकीकडे केलं.

खिडकीसमोर तुमचं घर आहे. दिवा चालू होता, पडदा उघडा होता, आणि तुम्ही मुलाने ‘स्वतः केलेला’ शाळेचा प्रकल्प डिंकाने चिकटवत बसला होतात. तिने रात्रभर तेच बघितलं.