नाकातलं मीटर

विजेचं मीटर पळतंय अशी तक्रार घेऊन कोणी खिडकीशी आलं, की तपासनीस अर्ज न वाचताच परत सरकवत. "मीटर खोटं बोलत नाही," हे एकच वाक्य त्यांना बावीस वर्षं पुरलं होतं. लोक म्हणत, "तुम्ही बघायला येता तेव्हा नीट चालतं हो." त्यावर तपासनीस रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघत.

घरी मात्र त्यांच्या छातीतली जळजळ कोणी खरी मानत नव्हतं. घशाशी आंबट येई, उशांची चळत रचून बसल्याबसल्या झोपावं लागे. बायको म्हणे, "काम सांगितलं की बरी जळजळ होते तुम्हाला." हे त्यांना जळजळीपेक्षा जास्त झोंबे. त्यामुळे डॉक्टरांनी चोवीस तासांची तपासणी सुचवली, तेव्हा ते एका पायावर तयार झाले. नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी गेली. तिचं बाहेरचं टोक गालावर चिकटपट्टीने बसवून कमरेच्या डबीला जोडलं. पोटातलं आम्ल वर आलं की डबीत नोंद होणार होती.

"जळजळ झाली की हे बटण दाबा. बाकी रोजच्यासारखं वागा," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

पण रोजच्यासारखं वागू देतो कोण? नळी बघून साहेबांनी त्यांच्या टेबलावरचे अर्ज स्वतः उचलून नेले. खिडकीशी तावातावाने आलेला माणूस "असू दे, नंतर येतो" म्हणत मागे फिरला. घरी बायकोने न मागता मऊ भात पुढे ठेवला आणि "तिखट नाही ना लागत?" असंही विचारलं. दिवस सुखात गेला. संध्याकाळी तपासनिसांच्या लक्षात आलं, की बटणाला एकदाही हात लागलेला नाही.

त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी तळलेल्या मिरच्या खाल्ल्या, वर दोन कप काळी कॉफी घेतली आणि लगेच आडवे झाले. मग उठून, ओणवे होऊन पलंगाखालचे डबे पुसले. "आराम करा हो जरा," बायको कळवळून म्हणाली, आणि तेवढ्यानेच त्यांना पोटात गार वाटलं.

सकाळी नळी काढून तंत्रज्ञ बाईंनी आलेख बघितला. "अगदी स्वच्छ. आम्ल वर आलंच नाही."

"अहो, रोज येतं. कालच नेमकं..."

"काका, मशीन खोटं बोलत नाही."

बाहेर पडताच बायको म्हणाली, "म्हणजे माझंच खरं. त्या उशा आज माळ्यावर टाकते." त्याच क्षणी छातीत आग उसळली. तपासनिसांचा हात झटकन कमरेला गेला, पण तिथे नुसता पट्टा होता.

दुपारी खिडकीशी एक आजी आल्या. "मीटर पळतंय रे बाबा. तुमची माणसं आली की मात्र गरीब गाईसारखं उभं राहतं."

नेहमीचं वाक्य ऐकायला शेजारच्या कारकुनाने मान वर केली. तपासनिसांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, छाती चोळली आणि उठून आतली खुर्ची पुढे ओढली.

"आत या आजी, बसा. कोणत्या वेळी पळतं तेवढं सांगा," ते म्हणाले. "मी येतो. पण न कळवता येतो."