वीतभर घरातलं बिऱ्हाड

पांडबा रंगाऱ्यानं मंगळवारी करून ठेवलेल्या वीतभर उंचीच्या घराला शुक्रवारी चाळीस वर्षांचा जुना भाडेकरू निघाला.

घर पुठ्ठ्याचं होतं. मिरजेत शिरोळकर वकिलांच्या माळ्यावर दर रविवारी चार मंडळी जमत, मोठ्या टेबलावर शिशाचे सैनिक मांडत आणि फासे टाकून लढाई खेळत. त्या टेबलावरचं गाव पांडबा करून द्यायचा. त्याची सारी हयात नाटकाचे पडदे रंगवण्यात गेली होती. आता पडदे कुणी मागत नाही, म्हणून घरं. त्याची रीत अशी, की घर आधी कोरं करकरीत रंगवायचं आणि मग सावकाश जुनं करायचं. पन्हाळीखाली गंजाचा ओघळ, जोत्याला शेवाळ, दाराच्या कडेला हात लागून लागून आलेला मळकटपणा. प्रत्येक डागाला कारण पाहिजे, असं तो म्हणायचा. कारणाशिवाय डाग घातला की घर जुनं दिसत नाही, नुसतं घाण दिसतं.

या घराच्या वरच्या खिडकीवर त्यानं सगळ्यात शेवटी बोटाच्या टोकानं जराशी काजळी चोळली. इथं कुणीतरी रोज कंदील ठेवत असणार, एवढंच त्याच्या मनात आलं. कोण ठेवतं, ते त्यानं ठरवलं नाही. चूक झाली ती तिथंच.

शुक्रवारी सकाळी पांडबा आपल्या घरी चूळ भरून येतो, तर कामाच्या मेजाखाली अनोळखी वहाणा. आणि मेजावरच्या घरातून एक माणूस वाकून बाहेर येत होता. चांगला उंचापुरा, धोतर-टोपीतला.

"मालक," तो म्हणाला, "वरच्या खोलीत गळतंय."

"कुठं?"

"पन्हाळीपाशी. तिथं गंज तुम्हीच धरवलाय न्हवं? मग पत्रा कुजणारच की."

गंज पांडबानंच धरवला होता, त्यामुळं त्याला ते नाकारता येईना. त्यानं विचारलं, "पण तुम्ही कोण?"

"वा! श्रीपती हुपरे. चाळीस वर्षं तुमच्या घरात राहतोय, आणि आज विचारताय कोण?"

"घर मी मंगळवारी केलं ओ, अण्णा."

"केलं असेल. मी राहतोय ते जुनं आहे."

"आणि आत जाता कसे?"

"वाकून," हुपरेअण्णा म्हणाले. "दार ठेंगणं केलंय तुम्ही. हे टेंगूळ बघा."

पांडबानं बघितलं. टेंगूळ होतं, आणि पार मुरलेलं होतं.

पांडबाला काही उमजेना. त्यानं वकिलांना बोलावून आणलं, कारण अडचण त्यांचीही होती. रविवारी अकरा वाजता टेबलावरच्या नदीपलीकडची पलटण पहिला गोळा याच घरावर टाकणार होती. गोळा लागला की घर खरोखर मोडायचं आणि तिथं विटांचा ढीग मांडायचा, असं ठरलं होतं. पण नांदत्या घरावर तोफ डागायची नाही, हा खेळाचा पहिला नियम होता, आणि तो वकिलांनीच घातला होता.

वकिलांनी चष्मा लावला आणि घराभोवती एक फेरी मारली. फेरी मारायला मेज भिंतीपासून ओढावं लागलं.

"हुपरे, इथं राहता याला पुरावा?"

"ती काजळी कुणाची?" हुपरेअण्णांनी खिडकीवर बोट ठेवलं. "एका रात्रीत अशी धरते काय, वकीलसाहेब? रोज कंदील ठेवल्याशिवाय?"

वकिलांनी काजळी निरखली आणि पांडबाकडं वळले. "काय हो, पांडबा? किती वर्षांची म्हणायची ही?"

"चाळीस तरी," पांडबा म्हणाला. काम त्यानं चोख केलं होतं, खोटं कसं सांगणार?

"मग संपलं. ताबा यांचा आहे. दावा लावला तर माझी नातवंडं लढवतील तो." वकील स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी मिशी कुरवाळली. "एक करता येईल. जुना भाडेकरू जुन्या घरालाच असतो. पांडबा, घर पुन्हा कोरं करा."

"आणि मी?" हुपरेअण्णा म्हणाले. "या वयात बिऱ्हाड कुठं हलवू?"

"मला वाईट वाटतं हो. पण पलटण निघालीय. तिला थांबवणं माझ्या हातात नाही, फाशांच्या हातात आहे."

वकील गेले. शनिवारी पांडबा पांढरा रंग कालवून बसला. हुपरेअण्णा पत्र्याची ट्रंक बांधून मेजाच्या कडेला बसले होते. पांडबानं गंज पुसला, तसं गळायचं थांबलं. "हे मात्र बरं केलंत," अण्णा म्हणाले. शेवाळ गेलं, तसा त्यांचा खोकला सुकला. दाराचा मळ गेला, तेव्हा मात्र ते घाबरे झाले. टोपी आत राहिली होती, आणि कडी कुठल्या बाजूला ते त्यांच्या हाताला सापडेना.

राहिली काजळी. पांडबाचा ब्रश तिथं अडला.

"अण्णा, कंदील ठेवायचा कशाला पण?"

"कशाला म्हणजे? तुमच्यासाठी. नाटक सुटल्यावर पडदे गुंडाळून तुम्ही येणार पहाटं. अंधारात पायरी चुकली असती."

पांडबानं लग्न केलं नव्हतं. पहाटे घरी येताना त्याची पायरी कैकदा चुकली होती, एकदा तर घोटा सुजून तो आठवडाभर पडून होता. खिडकीत उजेड दिसल्याचं काही त्याला आठवेना. पण उजेड नव्हता, असंही आता त्याला छातीठोक सांगता येईना.

त्यानं ब्रश खाली ठेवला. काजळीवर रंग न मारता ती बोटानं हलकेच उचलून घेतली. बोट काळं झालं. ते कुठं पुसावं हे कळेना, म्हणून तो उठला आणि आपल्याच घराच्या रस्त्याकडच्या खिडकीवर, चौकटीच्या वरच्या अंगाला, चोळून आला. वळून बघतो, तर मेजाच्या कडेला ट्रंक नव्हती आणि मेजाखाली वहाणा नव्हत्या.

रविवारी तोफ वेळेवर डागली गेली. घर पडलं. ते रिकामं असल्याचं वकिलांनी आधी आत फुंकर मारून बघितलं होतं. पांडबानं विटांचा ढीग नीट मांडून दिला, त्यावर धुरळा उडवला, आणि दिवेलागणीला तो घरी निघाला.

गल्लीत वीज गेली होती. पण त्याच्या खिडकीत कंदील होता. पायरी स्वच्छ दिसली. दारातच हुपरेअण्णा उभे होते, कपाळ चोळत.

"उशीर केलात, मालक. आणि वरच्या खोलीत गळतंय बघा."

पांडबाच्या घराला वरची खोली नव्हती. त्यानं वहाणा काढल्या, अण्णांच्या वहाणांशेजारी ठेवल्या.

"उद्या बघतो," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं हेच ऐकतोय," म्हणत हुपरेअण्णांनी कंदील उचलला आणि ते वर झोपायला गेले.