विचारल्याशिवाय सांगू नये

मंगळवारी आपटेकाकांच्या अंगावर ओलसर कोट दिसला, की समजावं आज ते भाडेकरू आहेत. तो कोट ते चार दिवस आधी गॅरेजमध्ये पाण्याच्या बादलीवर टांगून ठेवत. "बुरशी धरलेल्या घरातला माणूस कोरडाठाक कसा असेल?" असं त्यांचं म्हणणं. कामावरून काढलेला माणूस व्हायचं असेल, तर ऐन जुलैच्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटच्या स्टेशनवर लोक वळून बघत. शाळेला निघालेली त्यांची नात ईरा "आजोबा, सो एम्बॅरसिंग!" म्हणून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे.

काका आमचे शेजारी. पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, काकू गेल्यावर मुलगा निखिल आणि सून रेवा यांच्याकडे राहायला आलेले. आणि मी आयटीतली बरी नोकरी सोडून चाळिशीत कायदा शिकायला निघालेली शहाणी. आमच्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी गरीब लोकांची प्रकरणं फुकट बघतात. कुणाला घरमालक काढत असतो, कुणाचा पगार अडलेला असतो. पण खऱ्या अशिलासमोर बसण्याआधी खोट्या अशिलावर हात बसवावा लागतो. असा खोटा अशील हवा होता, म्हणून मी काकांना सहज विचारलं.

"तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या," ते म्हणाले, "आता जरा करून बघतो."

खोट्या अशिलाला एक कार्ड मिळतं. नाव, वय, हकिकत, आणि तळाशी 'अशिलाला काय हवं आहे'. त्यापुढे कंसात सूचना असते, की विचारल्याशिवाय सांगू नये. काकांनी ही सूचना वेदवाक्य मानली. बाकी कार्ड मात्र ते मनाने वाढवत. भाडेकरूला त्यांनी दमा दिला, एक आंधळी मांजर दिली. एकदा जॉश नावाच्या पोराला ऐकता ऐकता रडू कोसळलं, तर काकांनी त्याला दटावलं, "क्राइंग इज माय डिपार्टमेंट. यू राइट!"

मुलाखत संपली की निकालही तेच देत. एका हुशार मुलीने त्यांना कलमांवर कलमं ऐकवली, घरमालकाला कसं लोळवता येईल ते सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "व्हेरी गुड. बट नोबडी आस्क्ड मी." कार्डावरच्या माणसाला भांडायचंच नव्हतं. मुलीची परीक्षा होईपर्यंत घर मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. आमच्या मार्गदर्शक वकीलबाई मेरे यांना हे इतकं आवडलं, की त्या "कियोरा, मिस्टर आपटे" असा माओरी नमस्कार करत दारापर्यंत सामोऱ्या येऊ लागल्या.

मला काकांनी दोनदा नापास केलं. शेजारधर्म वगैरे काही नाही.

तिसऱ्या खेपेला मेरेंनी माझी मुलाखत मराठीत ठेवली. काका ओल्या कोटात आले, हकिकत सांगितली, खोकले. मी सगळं लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी कार्ड पाहिलं. मग ते उलटं करून टेबलावर ठेवलं.

"घरी जायचंय."

"कुठल्या घरी?"

"सहकारनगरला. बागेतल्या बाकावर आमच्या मित्रांतले दोघं अजून उरलेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "निखिलने माझ्यासाठी खोली बांधली गं. रेवा फोनवर बघून बघून भाकरी शिकली, बोटं पोळून घेतली. आता कुठल्या तोंडाने सांगू? इथलं इथंच राहतं ना, वीणा?"

मी मान हलवली. मला फार अपराधी वाटलं. दोन वर्षं आमच्यामध्ये एक कुंपण होतं, आणि हे विचारायला मला परीक्षा लागली. (हे सगळं त्यांच्या लेखी परवानगीने सांगतेय. सही त्यांनी इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही केली.)

शनिवारी निखिलने कुंपणावरून विचारलं, "बाबा तिकडं काय बोलतात गं? घरी तर 'मजेत आहे'च्या पुढे जात नाहीत."

"ते माझे अशील आहेत," मी म्हणाले. तो हसला. मला हसता आलं नाही.

मी काकांना गाठलं. "सांगायचं तुम्हीच. मी नुसती शेजारी बसते."

रविवारी मी सवयीने वही घेऊनच त्यांच्याकडे चहाला गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्या दिवशी त्यांना कुणीच व्हायचं नव्हतं. ते वाऱ्यावर बोलले, लिंबाच्या झाडावर बोलले, रेवाच्या पोह्यांवर बोलले. चहा निवला. शेवटी त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि निखिलपुढे सरकवलं. आमच्या क्लिनिकसारखंच, पण पेन्सिलीने लिहिलेलं.

निखिलने मोठ्याने वाचलं. "नाव, मधुकर आपटे. वय, अठ्ठ्याहत्तर. हकिकत, मुलगा चांगला, सून चांगली, नात तर फारच चांगली. तक्रार नाही. अशिलाला काय हवं आहे..." तिथं तो थांबला. पुढची जागा कोरी होती. फक्त कंसातली सूचना तेवढी होती.

त्याने ती एकदा वाचली, पुन्हा वाचली. रेवाने गॅस बंद केला.

"बाबा," निखिल म्हणाला, "तुम्हाला काय हवंय?"

मंगळवारी हुकमी रडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून आज खरंच पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने माझ्या वहीकडे खूण केली, म्हणजे रडायचं खातं त्यांचं, मी लिहायचं. मी वही उघडली, पण मला समोरची ओळ दिसत नव्हती.