मामा, हा फळाच समजा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेची वेबसाइट माझ्याकडं द्या, ती मी इतकी सोपी करून देते की गोठ्यातल्या म्हशीनं शेपटी मारली तरी बातमी चढावी! हे वाक्य मी वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होते. आता ऐकवत नाही. का ते सांगते, मध्ये बोलू नका.

मुळात माझं डोकं फिरलं ते छोट्या संस्थांच्या साइट बघून. तालीम असो, वाचनालय असो, दूध संस्था असो, तऱ्हा एकच. चेअरमनच्या पुतण्यानं कधीतरी साइट केलेली, पासवर्ड त्याच्या खिशात आणि तो पुण्यात. एक ओळ बदलायची तर त्याच्या मिनतवाऱ्या करा. कोडोलीकडच्या एका दूध संस्थेच्या साइटवर (नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ झालंय) भर उन्हाळ्यात दिवाळीच्या शुभेच्छा झळकत होत्या. दूध घालायची वेळ बदलून वर्ष झालं होतं, साइटवर मात्र जुनीच. माणसं ती वाचून किटली घेऊन यायची आणि बंद दाराला शिव्या घालून परत जायची. चीड येणार नाही तर काय?

मी ते काम घेतलं. चेअरमन विजयसिंह यांनी सांगितलं, एका रविवारी कोल्हापुरात आसपासच्या सगळ्या दूध संस्थांचे चेअरमन जमणार आहेत, त्यांच्यापुढं आपली साइट दाखवा. पसंत पडली तर त्यांच्याही साइट माझ्याकडं. या भरवशावर मी कॉम्प्युटर क्लासमधली नोकरी सोडली आणि सोडताना मालकाला त्याच्याविषयीचं माझं मत सविस्तर सांगितलं. म्हणजे परतीचा रस्ता मीच नांगरून ठेवला होता.

मग पुतण्याला, राजवीरला, फोन लावला. साइट नव्या सिस्टीमवर आणून झाली होती, तरी हा बाबा जुनी बंद करायला तयार नव्हता. म्हटलं, सगळं काढून टाक, एक अक्षर जरी शिल्लक दिसलं तर पुण्याला येऊन तुझ्या दारात बसेन. घाबरला. अर्ध्या तासात सगळं साफ! आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरानं काम वेळेवर केलं, आणि केलं तर हे.

आता साइट चालवणार कोण? चेअरमननी पिराजीमामांकडं बोट दाखवलं. डेअरीच्या दारात जो काळा फळा आहे, तो मामांचा. कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी, जनावरांचा डॉक्टर कुठल्या वारी, लाइट कधी जाणार, सगळं मामा रोज सकाळी लिहितात. अक्षर असं की मयताच्या घरच्यांनीही क्षणभर थांबून कौतुक करावं. मामांचा एक नियम आहे. निरोप तोंडानं द्यायचा नाही. तोंडाचा निरोप वाटेत बदलतो आणि मग भांडणं लागतात, म्हणून कुणाचाही निरोप असो, फळ्यावर जातो. ज्याचा असेल त्यानं वाचावा.

त्यांना शोधाशोध नको म्हणून मी संस्थेचा इतिहास, फोटो, पशुखाद्याची माहिती, अर्ज, असं सगळं एकाच लांबलचक पानावर मांडलं.

"मामा, भ्यायचं नाही," मी म्हणाले. "हा फळाच समजा. ही पेन्सिल दाबायची आणि लिहायचं."

"फळाच?"

"फळाच."

"मग काय अवघड हाय त्यात," मामा म्हणाले. मीही तेच म्हणत होते की हो!

फक्त एक गोष्ट अडली. पानाच्या तळाशी संपर्कासाठी नंबर हवा होता. चेअरमनचा टाकायचा की व्हाइस चेअरमनचा, यावर कमिटीचं भांडण जुंपलं. ठराव होईपर्यंत तुमचाच राहू द्या, म्हणाले. मी माझा टाकला आणि ती जागा कुणाला बदलता येऊ नये म्हणून कुलूपबंद केली. झालं! दुसऱ्या दिवसापासून मला फोन. वासराला जंताचं औषध किती पाजू? डॉक्टर निघाले का? एक आजी तर म्हणाल्या, म्हस रात्रीपासनं ओरडतीया, लवकर कुणाला तरी लावून द्या. मी वेबसाइटवाली बाई आहे म्हटलं, तर म्हणाल्या, असशील, पर म्हशीला ते कसं सांगू?

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी साइट उघडली आणि बघते तर काय! इतिहास नाही, फोटो नाहीत, अर्ज नाहीत. कोऱ्या पानावर चार ओळी. वरच्या आळीत एक म्हातारबा वारले होते, उद्या लाइट नव्हती, एक तांबडी कालवड चुकली होती आणि डॉक्टर मंगळवारी येणार होते.

मी मामांना फोन लावला. बाकीचं कुठं गेलं?

"पुसलं की," मामा म्हणाले. "रोज पुसतो. आदी फळा पुसायचा, मग लिवायचं. न पुसता लिवायचं म्हंजे खरकट्या ताटात वाढल्यागत झालं."

पुसलेलं सगळं एका कचरापेटीत जातं, तिथून परत आणता येतं. ती कुठं आहे हे मीच त्यांना दाखवलं होतं. विचारलं, पेटीत आहे ना ते?

"न्हाय. ती बी रोज रिकामी करतो. फडकं पिळून ठेवाय नगं व्हय?"

फडकं पिळलं होतं! जुनी साइट राजवीरनं माझ्याच धमकीनं जाळून टाकलेली. मग माझा तोल सुटला. मामांना तरी काय बोलणार? असा माणूस माझ्या गळ्यात बांधणाऱ्या चेअरमनविषयी जे जे मनात साठलं होतं, ते सगळं मी फोनवर ओतलं आणि वर म्हणाले, हे सांगा त्यांना माझ्या नावानं. मामा शांतपणे "बरं" म्हणाले.

मोबाइलमधले फोटो आणि डोक्यातला मजकूर जुळवून मी बरंचसं पान पुन्हा उभं केलं. मामांना एवढं सगळं बोलले, पण "उद्या पुसू नका" हे एकच वाक्य सांगायचं राहिलं.

रविवारी हॉल भरला. फेटे, कडक इस्त्रीची पांढरी खादी, पुढच्या रांगेत विजयसिंह. मामा मागं भिंतीला टेकून उभे. सकाळचा फळा उरकूनच आले होते. मी माइकवर म्हणाले, आता बघा, सोपं म्हणजे किती सोपं! आणि बटण दाबलं.

भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली. तांबडी कालवड सापडली होती. त्याखाली:

"चेअरमनसाहेबांस अनुजाताईंचा निरोप. स्वतःचे फोटो सात जागी लावून घेतले, पण एक नंबर ठरवायला कमिटीला दोन महिने लागतात. तुमच्यापेक्षा गोठ्यातला रेडा लवकर निर्णय घेतो. कळावे."

'कळावे' माझं नव्हतं. ते मामांनी रीत म्हणून घातलं होतं.

हॉल असा हसला की पंखेही डुगडुगले. विजयसिंह मागं वळले. "पिराजी, पुसा ते."

"दिवस मावळल्याबिगर न्हाय पुसत, साहेब," मामा म्हणाले. "निरोप हाय त्यो."

पुसणं माझ्या हातात होतं, लॅपटॉप समोरच होता. मी नाही पुसलं. खोटं काय होतं त्यात?

चहाच्या वेळी मी चेअरमन लोकांना गाठून विचारत फिरले. राधानगरीकडचे एक गृहस्थ बशीतला चहा संपवून म्हणाले, "झ्याक हाय, ताई. पर फळा हाय की आमच्याकडं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढ्यासाठी मी नोकरी सोडली होती!

सोमवारी सकाळी साइट उघडली. माझा निरोप नियमाप्रमाणं पुसला होता. जागी नवी सूचना होती: "संस्थेची वेबसाइट सांभाळण्यासाठी माणूस पाहिजे. स्वभाव शांत असावा. खालील नंबरवर फोन करावा."

खाली नंबर होता. कुलूपबंद. माझाच.

तेव्हापासून फोन थांबलेले नाहीत. पहिल्या काही जणांना मी दात आवळून, ताई-दादा करत वाटेला लावलं. मग एका पोरानं विचारलं, "मॅडम, आधीची बाई लई तापट होती म्हणं, खरं काय?"

त्याला मी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. मामांच्या कानावर गेलं तर उद्या फळ्यावर येईल.